विद्यार्थी भीमराव, संस्थापक बाबासाहेब

बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. १४ एप्रिलला त्यावर भाषणंही केली आहेत आणि ती बहुतेक एकाच साच्यातली असायची. महूला जन्म, गोणपाटावर बसून शिक्षण, रात्रंदिवस अभ्यास, परदेशातल्या पदव्या आणि शेवटी राज्यघटना. स्मरणिकेसाठी लेख दे असा निरोप आला तेव्हा मी त्याच आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघायचं ठरवलं. बाबासाहेब कसे शिकले हे आपल्याला माहीत असतं. इतरांना कॉलेजात शिकता यावं म्हणून त्यांनी काय काय केलं, ते मात्र त्या मानानं कमी सांगितलं जातं. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या वाटतात. शिकताना ते स्वतः जिथे जिथे अडले, त्यातल्या बहुतेक जागांवर त्यांनी पुढे दुसऱ्यांसाठी काहीतरी उभं केलं.

सुरुवात साताऱ्यापासून करू. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचेही. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले. वडील निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी कुटुंब साताऱ्याला आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत त्यांचं नाव दाखल झालं. शाळेच्या रजिस्टरमध्ये ते भिवा असं आहे. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

नाव पटावर लागलं, म्हणजे प्रवेश मिळाला. पण वर्गात बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी ते परत घेऊन जायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडेपर्यंत थांबायचं आणि शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. प्रवेश मिळणं आणि शिकायला मिळणं यात किती अंतर असतं, ते या मुलाला वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीच कळलं.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत एक खोली, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच सगळ्यांचं झोपणं. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे. रामजी स्वतः जागे राहून पहाटे दोनला त्यांना उठवायचे आणि मग त्या जागेत स्वतः आडवे व्हायचे. दिव्याच्या उजेडात अभ्यास सुरू व्हायचा. एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा होती, पण त्या काळी अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकू दिलं गेलं नाही. म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळी ही एवढी मोठी गोष्ट होती की वस्तीत सत्काराची सभा भरली.

त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. केळुसकर गुरुजी शाळेत शिकवत आणि लेखनही करत. चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांनी आधी पाहिला होता, त्याची चौकशी केली होती. सत्काराला त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे इंटरनंतर रामजींचे पैसे संपले, तेव्हा याच केळुसकरांच्या खटपटीनं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तकं दिली, कपडेही दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. हुशारी होती, कष्टाची तयारी होती, मुलासाठी जागणारे वडील होते. तरीही हे शिक्षण इंटरलाच संपलं असतं. ते पुढे गेलं, त्यात बागेतल्या त्या ओळखीचा मोठा वाटा आहे.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. लगेच २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं आणि भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. जुलै १९१३ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे जितके वर्ग करता येतील तितके त्यांनी केले. हाताशी पैसा थोडा आणि त्यातलाच काही घरी जायचा. उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खरेदी चालायची. १९१५ मध्ये एम. ए. झालं, १९१६ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर झाला आणि ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकदम सुरू केलं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. निघताना त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करायची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्धाचा काळ होता, ती बोट बुडवली गेली आणि जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्याला हजर झाले. कोलंबियाचा एम. ए. आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस. पण गावात राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत सोय होणार नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. थोड्याच दिवसांत धर्मशाळेत कोण राहतंय ते कळलं आणि काठ्या घेऊन माणसं दारात आली. मुदत फक्त संध्याकाळपर्यंतची होती. मित्रांकडे विचारून पाहिलं, जमलं नाही. गाडीला वेळ होता, तेवढा वेळ ते एका बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आले. आज त्या जागी संकल्पभूमी आहे.

त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ज्या संस्थानानं शिकवलं त्याच गावात ही गत झाली. शिष्यवृत्ती देणारे महाराज मनानं उदार होते, पण मुक्कामाची खोली त्यांच्या हुकमानंही मिळू शकली नाही. पैसा मिळाला, पदवीही मिळाली, तरी रात्री पाठ टेकायला जागा नव्हती.

मुंबईत शिकवण्या, छोटी-मोठी कामं करत १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. लंडनची चार वर्षांची मुदत डोक्यात होतीच. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं. जुलै १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं ते बंद होईपर्यंत तिथेच. दुपारचं जेवण बहुतेक दिवस नाहीच. रात्री उशिरा भूक लागली की भाजलेला पापड. इकडे मुंबईत रमाबाई अगदी थोडक्यात संसार ओढत होत्या. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी. एस्सी. मॅट्रिकपासून इथवर सोळा वर्षं लागली.

या सोळा वर्षांत त्यांच्या मदतीला कोण कोण आलं ते मोजून बघा. दोन संस्थानिक, एक मराठी गुरुजी, एक युरोपियन प्राध्यापक, एक पारशी मित्र. सगळे चांगले लोक. पण ही साखळी होती आणि तिच्यातली एक कडी नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याच चाळीत, त्याच साताऱ्यात तितकीच हुशार मुलं असतील. त्यांना केळुसकर भेटले नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरमधले लोक अशा रचनेला भरवशाची म्हणत नाही. एखादी गोष्ट एकदा, एका ठिकाणी, नशिबानं चालली म्हणजे ती चालते असं होत नाही. बाबासाहेबांनी पुढची तीस वर्षं हे नशीब वजा करायचं काम केलं.

पहिलं काम वसतिगृहाचं. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेनं सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. हायस्कुलं शहरात आणि मुलं खेड्यात. शहरात या मुलांना कोणी भाड्यानं खोली देणार नाही, खानावळीत पान वाढणार नाही. म्हणजे आधी राहायची आणि जेवायची सोय हवी, शाळा त्यानंतर. बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९२८ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी स्वतंत्र सोसायटी काढली आणि सरकारी मदतीनं आणखी वसतिगृहं चालवली.

दुसरं काम आकड्यांचं. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. मार्च १९२७ मध्ये शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी सरकारी आकडेच सभागृहापुढे ठेवले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग त्या ८२ मुलांवर केलेल्या खर्चाचं काय झालं, असा त्यांचा मुद्दा होता. किती मुलं शाळेत आली याचा हिशोब सरकार देत होतं. ते किती मुलं टिकली याचा हिशोब मागत होते. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेबद्दलही १९२४ पासून ते मांडत होते की विद्यापीठानं नुसत्या परीक्षा घेऊन भागणार नाही, त्यानं शिकवलं पाहिजे आणि मागास वर्गांच्या गरजांची दखल घेतली पाहिजे.

तिसरं काम शिष्यवृत्तीचं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला एक सविस्तर निवेदन दिलं. अनुसूचित जातींच्या मुलांना कॉलेजशिक्षणासाठी आणि विशेषतः विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सरकारनं शिष्यवृत्त्या द्याव्यात, काहींना परदेशी पाठवावं, अशी त्यात मागणी होती. सरकारनं वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून योजना सुरू झाली. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची ही सुरुवात. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली आणि आजही चालू आहे. सयाजीरावांनी भीमरावांना दिलेले महिना २५ रुपये ही महाराजांची मर्जी होती. आता ती देशाच्या अंदाजपत्रकातली ओळ झाली. अर्ज करायचा, बसत असेल तर पैसे मिळतात. त्यासाठी बागेत कुणाच्या नजरेला पडायची गरज नाही.

चौथं काम कॉलेजचं. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सुरुवातीला युद्धकाळातल्या लष्करी बराकी, पुढे फोर्टातल्या इमारती. वर्ग सकाळी भरायचे, कारण बरीचशी मुलं दिवसा कुठे ना कुठे नोकरी करणारी होती. नोकरी सोडा आणि मग शिका, असं त्यांना सांगण्यात अर्थच नव्हता. कॉलेजनं आपलं घड्याळ मुलांच्या घड्याळाला लावलं. प्रवेश सर्व जातिधर्मांना खुला होता. मुलांना सभाशास्त्र शिकता यावं म्हणून विद्यार्थी संसद होती. पहिले प्राचार्य म्हणून बाबासाहेबांनी बोलावलं ते एल्फिन्स्टनमधले संस्कृतचे विद्वान गजेंद्रगडकर यांना. ज्या मुलाला संस्कृतच्या वर्गात बसू दिलं नव्हतं, त्यानं काढलेल्या कॉलेजचा प्राचार्य संस्कृतचा पंडित होता.

मग मराठवाडा. निजामाच्या राज्यातला हा भाग. विद्यापीठ एकच आणि ते दूर हैदराबादला. गावातल्या मुलाला पदवी घेणं जवळपास अशक्य होतं, मग तो कुठल्याही जातीचा असो. जून १९५० मध्ये सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. परिसराला नागसेनवन आणि कॉलेजला मिलिंद ही नावं बाबासाहेबांनी दिली. मिलिंद हा बौद्ध भिक्षू नागसेनाला अवघड प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. उत्तर पटलं की ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. वसतिगृहं आवारातच होती. खेड्यापाड्यातली मुलं इथे आली, राहिली, जेवली, शिकली. मराठी दलित साहित्याच्या चळवळीला याच आवारानं मोठं बळ दिलं. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ आपल्यापैकी मराठीच्या बाईंनी नक्की वाचलेलं असेल. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ साली मिळालं, म्हणजे मिलिंदनंतर आठ वर्षांनी. १९९४ पासून त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे.

याच काळात दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली. मद्रास प्रांतातल्या वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या राखीव जागा १९५१ मध्ये न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या. बाबासाहेब कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथं उपकलम आलं. मागासलेल्या वर्गांच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रगतीसाठी राज्याला विशेष तरतूद करता येईल, असं त्यात आहे. कॉलेजप्रवेशातल्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला तो इथे.

तब्येत ढासळत गेली, मधुमेह आणि संधिवात होताच. तरी संस्थेचं काम थांबलं नाही. १९५३ मध्ये कॉमर्सचं कॉलेज झालं, १९५६ मध्ये लॉचं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय ६५.

आता आपल्याबद्दल थोडं. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा होस्टेलवर आमच्या मजल्यावर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या चार-पाच मुली होत्या. शिष्यवृत्ती मंजूर असायची, पण पैसे हातात यायचे ते परीक्षा संपल्यावर. मेसचं बिल मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. एक मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला दिवाळीनंतर आलीच नाही. तिचे गणितातले मार्क माझ्याहून चांगले होते. प्रवेशाच्या आकड्यांत ती आजही आहे, कारण तिला प्रवेश मिळाला होता. दर १०० मुलांमागे १८ चा हिशोब वाचला की मला ती आठवते.

आपल्या वर्गातही असे होते. नावं लिहीत नाही, पण तुम्हाला माहीत आहेत. दहावीला फर्स्ट क्लास, आणि अकरावीला तालुक्याला जायचं एसटीचं भाडं नाही म्हणून घरी बसले. तीस वर्षांनी ग्रुपवर भेटले तेव्हा त्यांची मुलं आता कॉलेजच्या वयाची आहेत.

बॅचच्या निधीतून दहावीच्या पहिल्या तीन मुलांना रोख बक्षीस आणि ट्रॉफी द्यावी, असा प्रस्ताव ग्रुपवर आहे. प्रस्ताव चांगल्या मनानं आला आहे आणि कौतुक व्हायलाच हवं, ते एका पुस्तकानं आणि टाळ्यांनी होईल. पैसा मात्र जिथे मुलं गळतात तिथे लावावा, असं मला वाटतं. बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलामुलींना मेस आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यायची. शिष्यवृत्ती आली की त्यांनी ती परत करायची, म्हणजे तेच पैसे पुढच्याला जातील. सोबत प्रत्येकामागे आपल्यातलं एक जण, महिन्यातून एकदा फोन करणारं. पहिल्या वर्षी इंग्रजीतली लेक्चर्स डोक्यावरून जात असतात, तेव्हा त्या फोनचा फार आधार वाटतो. हे मी अनुभवानं सांगते. आणि वर्षाच्या शेवटी अहवालात किती जणांना पैसे दिले एवढंच न लिहिता किती जण दुसऱ्या वर्षाला गेले तेही लिहायचं.

सुरुवातीला पाच मुलं घेतली तरी चालतील. सर आणि बाई, तुम्हाला एकच विनंती. हुशार आहे पण पुढे शिकेल की नाही याची तुम्हाला शंका वाटते, अशा मुलामुलींची नावं स्नेहमेळाव्याच्या दिवशी घेऊन या. तशी मुलं तुमच्या नजरेतून सुटत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे.